मनोरा लहान झाला काय?

एखादी नावाजलेली वस्तू प्रथमच डोळ्यांनी पाहिली की पुष्कळदा आपल्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडतात : 'एवढेच का?' हे शब्द निरुपद्रवी वाटतात. परंतु थोडे थांबून पाहिले तर त्यांत एक निवाडा दडलेला आढळतो. आरोपी म्हणून समोरची वस्तू उभी असते, न्यायासनावर आपण बसलेले असतो आणि साक्ष द्यायला आपली अपेक्षा तेवढी हजर असते. बिचाऱ्या वस्तूला स्वतःची बाजू मांडण्याची सोय नसते. हा निवाडा न्याय्य असतो काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु वस्तूंना माप लावताना मनाला जी सवय जडते, तीच सवय माणसांना माप लावतानाही हाताशी येते. म्हणून या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करावा, असे आम्हांस वाटते.

या विचाराला निमित्त झाला तो जपानमधील एक लहानसा मनोरा. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर साप्पोरो हे महानगर वसलेले आहे. त्याची लोकसंख्या 19 लाखांहून अधिक आहे. या शहराची ओळख म्हणून भेटकार्डांवर, मिठाईच्या खोक्यांवर, प्रवासाच्या पुस्तिकांवर सर्वत्र एकच चित्र दिसते : पांढऱ्या रंगाची लाकडी इमारत, तांबडे छप्पर, छपरावर चौकोनी मनोरा आणि मनोऱ्याच्या चारही बाजूंना घड्याळाच्या तबकड्या. चित्रात मागे निळे आकाश आणि बाजूला हिरवी झाडे असतात. प्रत्यक्षात पाहणाऱ्याला ही इमारत उंच उंच कचेऱ्यांच्या मध्ये सापडते. शेजारीच महापालिकेची 19 मजली वास्तू आहे. समोरून मोटारींचा अखंड ओघ वाहतो. घड्याळाचा मनोरा त्या गर्दीत एखाद्या मोठ्यांच्या सभेत चुकून शिरलेल्या बालकासारखा वाटतो.

आम्हांस तेथे जाण्याचा योग आला तेव्हा जवळच्या चौथऱ्यावर लोक छायाचित्रे काढत होते. छायाचित्र काढणारा प्रत्येक जण गुडघे वाकवून, मान तिरकी करून असा कोन शोधत होता की शेजारच्या इमारती चौकटीत येऊ नयेत. जपानी लोकांनी गंमतीने देशातील 'निराशा करणाऱ्या प्रसिद्ध स्थळां'ची एक यादी केलेली आहे. कोची शहरातील हारिमाया पुलाच्या पंक्तीला साप्पोरोच्या या मनोऱ्यालाही त्या यादीत बसवले जाते. लोक दुरून येतात, मान वर करतात, ती फारशी वर करावीच लागत नाही हे पाहून हिरमुसतात आणि पुढच्या स्थळाकडे वळतात.

परंतु या मनोऱ्याने कोणाला फसवले आहे काय? त्याने कधी आपण उंच असल्याचा दावा केला नव्हता. 1876 साली साप्पोरो येथे शेतकी महाविद्यालय सुरू झाले. आजच्या होक्काइदो विद्यापीठाचे मूळ तेच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम क्लार्क यांना जपान सरकारने ते उभारण्यासाठी बोलावून घेतले होते. विद्यार्थ्यांच्या कवायतीसाठी आणि समारंभांसाठी एक सभागृह असावे ही कल्पना क्लार्क यांची; तिला आकार दिला तो त्यांचे सहकारी विल्यम व्हीलर यांनी. 1878 साली इमारत पुरी झाली. त्या वेळी छपरावर केवळ एक लहान घंटाघर होते आणि त्यातील घंटा विद्यार्थ्यांना तासाची सूचना देत असे.

पुढे त्या प्रदेशाचा कारभार पाहणारे कुरोदा कियोताका यांच्या इच्छेनुसार घड्याळ बसवण्याचे ठरले. अमेरिकेतील बोस्टनच्या हॉवर्ड कंपनीकडून घड्याळ आले. पण ते इतके मोठे निघाले की घंटाघरात मावेना. तेव्हा घंटाघर काढून त्याजागी आजचा मनोरा बांधला गेला आणि 1881 च्या ऑगस्ट महिन्यात घड्याळ चालू झाले. ज्या मनोऱ्याला आज लोक लहान म्हणतात, तो मुळात घड्याळ मोठे निघाले म्हणून मोठा करून बांधलेला मनोरा आहे! भोवती बैठी घरे, मोकळी मैदाने आणि हिवाळ्यात सर्वत्र बर्फ, अशा त्या वेळच्या साप्पोरोत तो दुरून दिसत असे आणि त्याचे ठोके दूरवर ऐकू जात असत. त्यानंतर त्याची उंची एका बोटानेही घटलेली नाही. वाढले ते त्याच्या भोवतीचे जग.

येथे आपल्या विवेचनाचा पहिला टप्पा येतो. लहानपण नेहमीच वस्तूच्या अंगी असते असे नाही. कित्येकदा ते तिच्या भोवती बांधले जाते. आपण शेजारी काय उभे करतो यावर कोण लहान दिसणार हे ठरते. आणि जे आपणच बांधले, त्याचा दोष मात्र आपण त्या लहान दिसणाऱ्याच्या पदरी घालतो.

कोणी म्हणेल, माप तर काही ना काही लावावेच लागते; मग उंचीचे लावले तर बिघडले कुठे? खरे आहे. परंतु माप हे मापल्या जाणाऱ्या गोष्टीला साजेसे असावे लागते. धान्य पायलीने मोजावे, कापड गजाने मोजावे. घड्याळ कशाने मोजावे? ते वेळ बरोबर दाखवते की नाही, यानेच. या कसोटीला साप्पोरोचा मनोरा सव्वाशेहून अधिक वर्षे उतरलेला आहे. त्याच्या भोवतीच्या गगनचुंबी इमारतींपैकी एकीलाही तसे म्हणता येणार नाही, कारण त्यांतली एकही तितकी वर्षे जगलेली नाही.

वेळेचा विषय निघाला म्हणून जपान, घड्याळ आणि आपली ख्रिस्तसभा यांच्या एका जुन्या नात्याची आठवण करून द्यावीशी वाटते. 15 ऑगस्ट 1549 रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. 1551 साली त्यांनी यामागुचीचे सरदार ओउची योशिताका यांना ज्या भेटी अर्पण केल्या, त्यांत एक यांत्रिक घड्याळ होते. जपानच्या भूमीवर आलेले ते पहिले यांत्रिक घड्याळ मानले जाते. ज्या संताचे पार्थिव आज जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत विसावले आहे, त्याच्याच हातून जपानला यांत्रिक घड्याळाची ओळख व्हावी, ही गोष्ट आपणां मराठी ख्रिस्ती जनांना परकी वाटू नये.

त्या काळी जपानी लोक वेळ वेगळ्या रीतीने मोजत. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांबे आणि हिवाळ्यात तो आखडे. जपानी कारागिरांनी पाश्चात्त्य यंत्रात फेरफार करून त्याला हे कमीजास्त होणारे प्रहर दाखवायला शिकवले. यंत्र सूर्याच्या आज्ञेत राहिले. पुढे 1 जानेवारी 1873 पासून सरकारने ग्रेगोरियन पंचांग आणि समान लांबीचे चोवीस तास स्वीकारले. त्याच 1873 साली ख्रिस्ती धर्माला बंदी घालणारे सरकारी फलकही उतरवण्यात आले. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले, त्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. नवी वेळ आणि श्रद्धेला मिळालेली नवी मोकळीक एकाच वर्षी जपानच्या दारी आली. त्यानंतर तीनच वर्षांनी क्लार्क साप्पोरोत दाखल झाले आणि येताना बायबलच्या प्रती घेऊन आले.

क्लार्क हे प्रॉटेस्टंट होते, धर्मोपदेशक नव्हते. व्यवसायाने शास्त्रज्ञ होते. विद्यार्थ्यांना नीतीचे शिक्षण द्यावे असे कुरोदांनी सुचवले, तेव्हा बायबलवाचून आपल्याला नीती शिकवता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. 1877 च्या मार्चमध्ये त्यांनी 'येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा करार' लिहिला आणि पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांनी त्यावर सह्या केल्या. एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. साप्पोरोत ते उणेपुरे आठ महिने होते. निरोप घेताना त्यांनी मुलांना महत्त्वाकांक्षी होण्याचा जो उपदेश केला, तो आजही प्रत्येक जपानी शाळकरी मुलाला ठाऊक असतो.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या दुसऱ्या तुकडीत उचिमुरा कान्झो आणि नितोबे इनाझो हे दोघे होते. क्लार्क यांच्या हाताखाली ते एक दिवसही शिकले नाहीत; तरीही त्या करारावर त्यांच्याही सह्या झाल्या आणि 1878 साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पुढे 1891 साली सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे अपेक्षेप्रमाणे वाकून नमस्कार करायला उचिमुरांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून नकार दिला आणि त्यांना शिक्षकाची नोकरी गमवावी लागली. नितोबे राष्ट्रसंघाचे उपसरचिटणीस झाले. दोघांनीही आपल्या ख्रिस्तसभेची वाट धरली नाही. परंतु विभक्त बंधूंच्या ठायी दिसणारे ख्रिस्ताचे धन आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली आपणांस शिकवले आहे. आणि उचिमुरांचा तो नकार वाचताना हे धन ओळखायला कष्ट पडत नाहीत.

आता क्लार्क यांच्या पुढील आयुष्याकडे पाहा. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी मोठमोठे बेत आखले. खाणींच्या धंद्यात पैसा घातला. तो धंदा 1882 साली बुडाला, त्यांच्याबरोबर अनेकांचे पैसे बुडाले आणि 1886 साली भग्न अवस्थेत त्यांचा अंत झाला. मुलांना महत्त्वाकांक्षेचा मंत्र देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या महत्त्वाकांक्षा धुळीला मिळाल्या. टिकले ते दूरदेशीच्या मूठभर मुलांबरोबर घालवलेले आठ महिने. क्लार्क यांना त्या वेळी यातले कोणते काम मोठे आणि कोणते लहान वाटले असेल, हे सांगणे कठीण आहे. बहुधा आपल्यापैकी कोणालाच स्वतःच्या आयुष्याबद्दल हे जिवंतपणी सांगता येत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेला आपण काही मोठे केले असे वाटले नसणार. ते प्रभू येशूने पाहिले, म्हणून आपणांस कळले.

पुन्हा मनोऱ्याकडे वळू. हे घड्याळ विजेवर चालत नाही. दगडांनी भरलेली जड वजने दोरांनी वर चढवावी लागतात. ती हळूहळू खाली उतरतात आणि त्यांच्या ओढीने काटे फिरतात, घंटेवर हातोडा पडतो. वजने तळाशी पोहोचण्यापूर्वी कोणीतरी पुन्हा ती वर ओढली पाहिजेत. आठवड्यातून दोनदा हे काम हातानेच केले जाते. दिवसभरात घंटेचे 156 ठोके पडतात. त्यांतला प्रत्येक ठोका म्हणजे कोणाच्या तरी दंडांचे श्रम होत. 1903 साली महाविद्यालय दुसरीकडे गेले. 1906 साली शहराने इमारत विकत घेऊन सुमारे शंभर मीटर दक्षिणेस, आजच्या जागी हलवली. पुढे घड्याळाची हेळसांड झाली. तेव्हा 1933 साली शहरातील एका घड्याळजीने आपण होऊन, मोबदला न घेता, त्याची देखभाल अंगावर घेतली. युद्ध आले आणि गेले. त्याच्यामागून त्याच्या मुलाने तेच काम पुढे चालवले. 1970 साली राष्ट्राने या इमारतीला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. परंतु त्या दर्जाच्या कितीतरी आधी हा ठेवा एका साध्या कारागिराच्या मनगटाने राखला होता.

वजन एकदा वर चढवले की काम संपले, असे त्याला कधीच म्हणता आले नसेल. तीन-चार दिवसांनी तोच जिना, तीच वजने. प्रार्थनेचेही असेच नाही काय? कालचा रोझरी आज पुरत नाही. कालची क्षमा आजच्या भांडणाला पुरत नाही. संसारातील प्रेमसुद्धा लग्नाच्या दिवशी एकदाच किल्ली देऊन चालत राहणारे यंत्र नव्हे. ते सतत खाली उतरत असते आणि कोणीतरी ते रोज वर ओढत असते. बहुतेक घरांत हे ओढणारे माणूस कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याचे आभार मानण्याचे मात्र राहून जाते.

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. हा सगळा जुन्याचा मोह तर नव्हे? वाढत्या शहराला घरे लागतात, कचेऱ्या लागतात. प्रत्येक जुनी भिंत जपत बसलो तर माणसांनी राहावे कुठे? शिवाय लहान असणे हा काही स्वतःहून सद्गुण ठरत नाही. लहान वस्तूही निकामी असू शकते, लहान माणूसही दुष्ट असू शकतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. साप्पोरोच्या लोकांनीही शहराची वाढ थांबवली नाही. त्यांनी उंच इमारती बांधल्या आणि मनोऱ्यासाठी जागा राखली. मागणी एवढीच आहे, की एखादी गोष्ट बाजूला सारण्यापूर्वी ती खरोखर निकामी झाली आहे, की केवळ आपल्या नव्या बांधकामाशेजारी लहान दिसू लागली आहे, हे आपण तपासावे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

आणि हा तपास मनोऱ्यापाशीच थांबवला तर तो अपुरा राहील. 'साप्पोरो' हे नावच मुळात आयनू भाषेतले आहे. आयनू हे त्या बेटाचे मूळ रहिवासी. सरकारने वसाहतीसाठी माणसे पाठवली, शेते आखली, महाविद्यालय काढले आणि मनोऱ्यावर घड्याळ बसवले, तेव्हा आयनूंच्या शिकारीच्या वाटा, मासेमारीच्या नद्या आणि हळूहळू त्यांची भाषाही त्यांच्या हातून निसटत गेली. जे घड्याळ वसाहतकऱ्यांना नव्या दिवसाची वेळ सांगत होते, त्याचे ठोके त्यांच्या कानांना कसे वाटले असतील? तो समाज लहान जन्मला नव्हता. त्याच्या भोवती दुसऱ्यांचे जग उभारून त्याला लहान करण्यात आले. आयनू हे मूळ निवासी आहेत, हे जपानच्या संसदेने 2008 च्या ठरावाने मान्य केले आणि 2019 च्या कायद्यात तसे लिहिले गेले. कबुली उशिरा आली, तरी ती आली. मनोऱ्याबद्दल हळहळणाऱ्याने या माणसांबद्दलही हळहळावे. एरवी त्याची हळहळ लाकडापुरतीच राहील.

आता आपल्या घराकडे. वसईपासून मुंबईपर्यंत आपल्या धर्मग्रामांभोवती गेल्या काही दशकांत जे मनोरे उभे राहिले, ते आपण सर्व रोज पाहतो. देवळाची घंटा पूर्वी वाडीच्या टोकाला ऐकू येई आणि शेतात वाकलेला माणूस कंबर ताठ करून आंजेलुसची प्रार्थना म्हणे. आज ती घंटा पलीकडच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून परत येते. नाक्यावरचा जुना क्रूस रस्ता रुंद झाल्याने एकदम ठेंगणा वाटू लागतो. 'आता याला पाडून काहीतरी भव्य बांधू' असा प्रस्ताव येतो. प्रस्ताव कधी योग्य असेल, कधी नसेल. परंतु 'लहान दिसते' एवढेच कारण पुढे आले, तर ते पुरेसे नाही असे म्हणण्याचे धैर्य आपल्यापैकी कोणीतरी दाखवावे.

दगडविटांपेक्षाही नाजूक गोष्ट आणखी आत, माजघरात बसलेली असते. ज्या वडिलांच्या खांद्यावरून आपण जत्रा पाहिली, ते आपल्याला त्या वेळी गावातले सर्वांत उंच गृहस्थ वाटत. पुढे आपण शिकलो, परदेशी गेलो, मोठ्या पगारावर लागलो, इंग्रजीत बोलू लागलो. एक दिवस पाहुण्यांसमोर ते काही बोलू लागतात आणि आपल्याला संकोच वाटतो. जेवणाच्या टेबलावर त्यांचे मत कोणी विचारत नाही. आईची रोझरी दूरचित्रवाणीच्या आवाजात बुडून जाते. वडील लहान झाले काय? आई लहान झाली काय? त्यांची उंची होती तेवढीच आहे. आपण त्यांच्या शेजारी काय काय बांधले, याचा हिशेब मात्र आपल्याला द्यावा लागेल. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवणे आणि छायाचित्र काढताना चौकट सोयीने वळवणे यांत फारसे अंतर नाही.

परमेश्वराच्या दृष्टीसमोर हजार वर्षे एका दिवसासारखी आहेत, अशी आपली श्रद्धा आहे. त्या दृष्टीपुढे दोन मजले आणि एकोणीस मजले यांत कितीसा फरक उरणार? तेथे बहुधा एवढेच विचारले जाईल, की जी वेळ दाखवण्यासाठी तुला उभे केले होते, ती तू दाखवलीस काय? आणि ज्यांची वजने उतरत आली होती, त्यांची वजने वर ओढायला तू जिना चढलास काय? जपानमध्ये कॅथलिक जन शंभरात एकही भरत नाहीत. तरी त्यांच्या देवळांतून रविवारची मिस्सा चुकत नाही. आपण संख्येने थोडे आहोत म्हणून आपले मोल थोडे आहे, असे त्यांनी मानलेले नाही. आपणही ते मानू नये. स्वतःविषयी नाही आणि आपल्या घरातल्या थोरांविषयी तर मुळीच नाही.